रेनाँची आई, बहीण आणि हिब्रूचं व्याकरण

एर्नेस्त रेनाँ हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलं असेल, तर ते बहुतेक बाबासाहेब आंबेडकरांमुळे. पाकिस्तानच्या प्रश्नावर १९४० साली लिहिलेल्या ग्रंथात, राष्ट्र म्हणजे नेमकं काय याची चर्चा करताना बाबासाहेबांनी या फ्रेंच पंडिताचा आधार घेतलाय. वंश, भाषा, भूगोल यांपैकी एकटं काहीच राष्ट्र घडवायला पुरत नाही, हा रेनाँचा १८८२ सालच्या एका व्याख्यानातला मुद्दा. त्या व्याख्यानाची चर्चा अजूनही होते. मला मात्र रेनाँ खरा भावतो तो त्याच्या कितीतरी आधीच्या, १८४५ सालच्या गोष्टीमुळे. बावीस वर्षांचा एक मुलगा कॅथलिक धर्मगुरू व्हायला निघाला होता. सगळं शिक्षण झालं होतं, गुरुजन खूश होते, गावाकडे आई वाट बघत होती. आणि शेवटच्या उंबरठ्यावरून तो मागे फिरला.

घरचा धर्म सोडणाऱ्यांच्या गोष्टी आपण बऱ्याच वाचतो. त्यांत बहुतेकदा राग असतो, आणि तो रास्तही असतो. स्वतः बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला ती पुरी केली, ती माणूस म्हणून उभंही राहू न देणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध. रेनाँचं तसं काहीच नव्हतं. चर्चने त्याला छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही, अपमान केला नाही. उलट एका गरीब विधवेच्या पोराला फुकट शिकवलं, लॅटिन दिलं, हिब्रू दिलं, पॅरिस दाखवलं. त्याच्या आयुष्यात जे काही चांगलं होतं ते याच घरातून आलेलं होतं. आणि ते घर खोटं आहे अशी त्याची खात्री पटली. ही अडचण वेगळ्या जातीची आहे. रागाने निघणाऱ्याला निदान रागाची सोबत असते.

ब्रिटनी हा फ्रान्सचा वायव्येकडचा, समुद्रात घुसलेला भाग. तिथे त्रेगिए नावाचं एक लहानसं गाव आहे. गाव लहान, पण त्यात भलंमोठं कॅथेड्रल. आसपास मठ, धर्मशाळा, पाद्र्यांची शाळा. फेब्रुवारी १८२३ मध्ये रेनाँचा जन्म इथे झाला. बाप जहाजावरचा कप्तान. तो १८२८ साली बुडून मेला, मागे कर्ज ठेवून. आईचं किराण्याचं छोटं दुकान, मोठा मुलगा आणि मुलगी कळती झालेली, आणि हे पाच वर्षांचं शेंडेफळ.

बापाच्या मृत्यूनंतर आईने काय केलं, तर धाकट्याला संत ईव्हच्या देवळात नेऊन त्याच्या ओटीत घातलं. आजपासून याचा पालक तू. संत ईव्ह हा त्या मुलखातलाच, तेराव्या शतकातला. वकील आणि न्यायाधीश होता, गरिबांचे खटले फुकट लढवायचा, म्हणून वकिलांचा संत. आणि ज्या देवळात आईने पोराला नेलं तिथे तो ‘सत्याचा ईव्ह’ म्हणून पुजला जात असे. दोघांचं भांडण मिटेना की लोक त्याच्याकडे न्याय मागायला जायचे. रेनाँने हे म्हातारपणी, १८८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या आठवणींत लिहिलंय, आणि आपल्या या पालकाबद्दल तो थोडी थट्टा करत पण फार मायेने बोलतो. आईने पोराला सत्याच्या संताच्या हवाली केलं. पुढे जे झालं त्यात त्या संताचा हात धरायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

पोरगं हुशार निघालं. अशा गावात हुशार आणि गरीब मुलाला एकच वाट असते. पाद्री व्हायचं, जमलं तर कॅथेड्रलमध्ये मानाची जागा मिळवायची, आईला म्हातारपणी जवळ ठेवायचं. आईचं स्वप्न एवढंच होतं. त्या मुलाचंही तेच होतं, हे विसरायचं नाही.

आता बहीण. आंरिएत त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. हिला तरुणपणी जोगीण व्हायचं होतं, पण बापाचं कर्ज फेडायचं म्हणून तिने ते मनातून काढलं. चालून आलेलं लग्नही नाकारलं. गावात मुलींची शाळा काढून पाहिली, ती चालली नाही. मग १८३५ साली पॅरिसला जाऊन शिक्षिकेची नोकरी धरली. धाकट्या भावाच्या शाळेतल्या बक्षिसांची यादी तिने ओळखीतून योग्य माणसापर्यंत पोचवली, आणि १८३८ च्या सप्टेंबरात पंधरा वर्षांच्या रेनाँला पॅरिसच्या सें-निकोला या सेमिनरीच्या शाळेत फुकट जागा मिळाली.

शाळेचे प्रमुख फादर द्युपांलू. बडं प्रस्थ. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एक मोठा पराक्रम केला होता. तालेराँ, म्हणजे क्रांतीच्या काळात बिशपपद टाकून दिलेला, नेपोलियनपासून सगळ्यांची चाकरी केलेला तो धूर्त मुत्सद्दी, मरणाला टेकला होता. द्युपांलूंनी त्याच्याकडून शेवटच्या घटकेला चर्चशी समेट करणाऱ्या कागदावर सही मिळवली. साऱ्या पॅरिसमध्ये चर्चा. रेनाँ शाळेत आला तेव्हा ही गोष्ट ताजी होती. मरणाच्या बिछान्यावर घेतलेली ती सही पुढे पुन्हा आठवायची आहे, म्हणून इथे सांगून ठेवतो.

नव्या शाळेत मुलगा घराच्या आठवणीने आजारी पडायची वेळ आली. त्याने आईला एक पत्र लिहिलं. मुलांची पत्रं आधी शाळेचे लोक वाचत. ते पत्र द्युपांलूंच्या हाती पडलं आणि त्यातली आईबद्दलची ओढ पाहून ते हेलावले. तोवर शेकडो मुलांतला एक असलेला रेनाँ तेव्हापासून त्यांच्या नजरेत भरला. म्हणजे पॅरिसमध्ये त्याची पहिली ओळख झाली ती आईवर जीव असलेला मुलगा म्हणून.

सें-निकोलाची तीन वर्षं झाल्यावर इस्सीची सेमिनरी, तिथे दोन वर्षं तत्त्वज्ञान. इथला एक प्रसंग त्याने सांगितलाय. वर्गात वादविवाद चालला होता आणि रेनाँ आपली बाजू जरा जास्तच जोरात मांडत होता. गोतोफ्रे नावाच्या कडक, तापट शिक्षकांनी वाद मध्येच थांबवला. संध्याकाळी त्याला एकट्याला गाठून सांगितलं, की तुझा भरवसा सगळा तर्कावर आहे, आणि तू ख्रिस्तीच नाहीस. पोराच्या पायाखालची जमीन सरकली. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वयस्क मार्गदर्शकांकडे गेला. त्यांनी मायेने समजूत घातली, असे विचार येतात, जातात, अभ्यास कर. रेनाँने नंतर कबूल केलंय, की त्या घरात त्याला नीट ओळखलं ते एकट्या गोतोफ्रेंनी. समजूतदार माणसाला दिसलं नाही ते त्या कडव्या माणसाला दिसलं होतं. असं पुष्कळदा होतं म्हणा.

१८४३ साली तो सें-सुल्पीसच्या मोठ्या सेमिनरीत आला. आणि इथे त्याला हिब्रू भेटली.

गोष्टीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. रेनाँची श्रद्धा प्रेमप्रकरणाने गेली नाही, व्होल्तेर वाचून गेली नाही, की धर्मन्यायालयांच्या अत्याचारांच्या हकिकती वाचून गेली नाही. तसं त्याने स्वतः स्पष्ट लिहिलंय. ती व्याकरणाने गेली. हिब्रू शिकवणारे फादर ल इर हे त्याच्याच ब्रिटनीचे, मोठे पंडित आणि तितकेच साधुपुरुष. जर्मनीत बायबलवर काय काय संशोधन चाललंय हे त्यांना पुरतं माहीत होतं. त्यातलं श्रद्धेला चालेल ते ते घेत, न चालेल ते शांतपणे बाजूला ठेवत. डोक्यात दोन कप्पे, मध्ये पक्की भिंत. विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र ही भिंत उभी राहिना.

तो काय वाचत होता? यशया संदेष्ट्याचं पुस्तक घ्या. यशया इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. पण त्याच्या पुस्तकाच्या उत्तरार्धात इराणचा सम्राट सायरस नाव घेऊन येतो, आणि सायरस तर सहाव्या शतकातला. भाषा बदलते, शैली बदलते, यहुदी लोक बाबिलोनच्या बंदिवासात आहेत हे गृहीत धरलेलं आहे. हिब्रू नीट येणाऱ्याला दिसतं, की हा दुसरा कुणी कवी आहे, दीडेकशे वर्षांनंतरचा. दानीएलचं पुस्तक घ्या. ते बाबिलोनच्या काळातलं म्हणवतं, पण त्यात वाद्यांची नावं ग्रीक आहेत, आणि त्यातली भविष्यं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या अंतियोख राजापर्यंत अचूक येतात आणि पुढे चुकतात. म्हणजे लिहिणारा त्याच राजाच्या काळात बसून लिहीत होता. पहिली पाच पुस्तकं मोशेने लिहिली म्हणायची, तर त्यांत मोशेच्या मृत्यूची हकिकत कशी? येशूला कोणत्या दिवशी क्रुसावर दिलं, सणाच्या आदल्या दिवशी की सणाच्या दिवशीच, यावर योहानाचं आणि इतर तिघांचं जमत नाही.

आज हे सगळं कॅथलिक सेमिनरींतसुद्धा शिकवतात, आणि त्यामुळे कुणाची श्रद्धा जात असेल असं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रोमनेच त्याला वाट करून दिली. पण १८४५ साली तसं नव्हतं. बायबलचा शब्दन् शब्द देवाच्या प्रेरणेचा, त्यात चूक असूच शकत नाही, आणि चर्चने दिलेल्या शिकवणीतली एक वीट काढली तर सगळी इमारत खाली. हे रेनाँचं म्हणणं नव्हतं, त्याच्या गुरूंचं होतं. त्यांनीच त्याला तर्क शिकवला होता, भाषा शिकवली होती, खोटं बोलायचं नाही हे शिकवलं होतं, आणि वर सांगितलं होतं की एकतर सगळं मान, नाहीतर काहीच मानू नकोस. त्याने त्यांचं सगळं ऐकलं.

आपल्याकडच्या माणसाला इथे जरा अडखळायला होतं. आपल्या घरात एखादा काका देव न मानणारा असतो आणि तोच गणपतीच्या आरतीला सगळ्यांत जोरात टाळ कुटतो. पुराणातली एखादी कथा खरी नाही म्हटलं म्हणून कुणी त्याला घराबाहेर काढत नाही. (त्याने जातीबाहेर लग्न केलं असतं तर काढलं असतं, ते वेगळं.) आपल्याकडे पहारा असतो तो वागण्यावर. तिथे तो मानण्यावर होता. पाद्री व्हायचं तर रोज वेदीपुढे उभं राहून जे म्हणायचं ते खरं मानून म्हणायला हवं. रेनाँला सगळं आवडत होतं, ते संगीत, ती शांतता, ती माणसं. फक्त ते खरं वाटत नव्हतं.

धर्मगुरू होण्याच्या वाटेवर तेव्हा पायऱ्या असत. पहिली म्हणजे डोक्यावरचे केस कापायचा विधी. तो १८४३ च्या अखेरीस झाला. मग पुढच्या वर्षी लहान दीक्षा. या दोन्हींतून परत फिरता येत असे. त्यानंतरची सबडीकनची दीक्षा मात्र कायमची. आजन्म ब्रह्मचर्य, रोजची नेमाची प्रार्थना, माघार नाही. १८४५ साली ती घ्यायची वेळ आली आणि रेनाँने ती पुढे ढकलली.

त्या उन्हाळ्यात तो त्रेगिएला आईकडे गेला. हे दोन महिने मला त्याच्या सगळ्या आयुष्यातले सगळ्यांत कठीण वाटतात. तेव्हाची पत्रं आज छापील उपलब्ध आहेत. आई घरात, दारातून कॅथेड्रलचा उंच मनोरा दिसतोय, ओळखीचे जुने पाद्री-शिक्षक भेटायला येताहेत, कौतुक करताहेत. आणि हा वर बसून सेमिनरीतल्या मार्गदर्शकाला लिहितोय की माझं मन आता मागे येणं शक्य नाही. आईला त्याने सरळ सांगितलं नाही. पण आयांना सांगावं लागत नाही. काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं, आणि कळण्यासारखंही नव्हतं. यशयाचा उत्तरार्ध दुसऱ्याने लिहिलाय म्हणून माझा मुलगा पाद्री होणार नाही, हे किराण्याच्या दुकानावर तीन मुलं वाढवलेल्या बाईला कसं समजवायचं? मुलाने चोरी केली, मुलगी पळवली, तर निदान शेजारणीला सांगता येतं. हे कुणाला सांगणार?

त्याने वाटा शोधल्या नाहीत असं नाही. एका पत्रात तो म्हणतो की जर्मनीत जन्मलो असतो तर बरं झालं असतं. तिथल्या प्रॉटेस्टंट पंथात हेर्डरसारखी माणसं शंका बाळगून ख्रिस्ती राहू शकत होती. गुपचूप दीक्षा घेऊन मनातलं मनात ठेवायचं, हाही मार्ग होताच, आणि तो घेणारे तेव्हाही असणार. आईसाठी ते करावं का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. आईच्या दुःखापायी आपण खोटं बोलून उभं राहावं का? उत्तर नाही असं आलं, पण ते सहज आलेलं नाही. पत्रांतून हुंदके ऐकू येतात.

या काळात बहीण होती पोलंडमध्ये. १८४१ पासून ती एका सरदार घराण्यात मुलींना शिकवायला राहिली होती, बापाचं कर्ज फेडायला. आंरिएतची स्वतःची श्रद्धा केव्हाच गेली होती, पॅरिसमध्ये, इतिहास वाचता वाचता. पण तिने भावाला त्याबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. त्याच्या मनाचा कल त्याचा त्याला कळू दे म्हणून. त्याने आपण होऊन शंका लिहिल्या तेव्हाच ती बोलली. आणि नुसतं बोलली नाही, साठवलेले बाराशे फ्रँक पाठवले. बाहेर पडलास तर पहिले काही महिने कुणापुढे हात पसरायला लागू नये, म्हणून. रेनाँने पुढे म्हटलंय की त्या पैशांना त्याला फारसा हात लावावा लागला नाही, पण ते आहेत या भरवशावर तो उभा राहिला. श्रद्धा सोडण्याच्या इतिहासात युक्तिवाद पुष्कळ नोंदवलेले असतात. भाडं कुणी भरलं याची नोंद फार कमी सापडते.

ऑक्टोबरात तो पॅरिसला परतला. तिथे कळलं, की आर्चबिशपांनी त्याची नेमणूक एका नव्या उच्च धर्मशिक्षणाच्या संस्थेत केलीय. आता टाळाटाळ शक्य नव्हती. हो म्हणायचं नाहीतर कारण सांगायचं. त्याने दिलेली तारीख ६ ऑक्टोबर १८४५. सें-सुल्पीसच्या पायऱ्या तो काळ्या झग्यात शेवटच्या उतरला, समोरचा चौक ओलांडला आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात खोली घेतली. अंतर म्हणाल तर शंभर-दोनशे पावलं.

गंमत अशी, की कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. सेमिनरीतल्या गुरुजनांनी शांतपणे निरोप दिला, नोकरीसाठी मदतही केली. द्युपांलूंनी पैसे लागले तर माझ्याकडून घे म्हणून कळवलं. आईच्या समाधानासाठी तो आधी एका कॅथलिक कॉलेजात राहिला, पण तिथे झगा घालूनच वावरायची अट होती, म्हणजे पुन्हा तेच नाटक. काही आठवड्यांत त्याने ते सोडलं आणि एका वसतिगृहात मुलांना शिकवायच्या बदल्यात राहण्या-जेवण्याची सोय पत्करली. पगार शून्य. शेजारच्या खोलीत अठरा वर्षांचा एक मुलगा होता, बेर्तलो. पुढे हा थोर रसायनशास्त्रज्ञ झाला. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. एक घर गेलं आणि अशा खोल्यांतून दुसरं जमत गेलं.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते सगळ्या चरित्रांत आहे. १८४७ साली सेमिटिक भाषांवरच्या कामाला पारितोषिक, १८५२ साली इब्न रश्दवरचा प्रबंध, मग मानमरातब. (याच रेनाँने सेमिटिक वंशाबद्दल, इस्लामबद्दल जे सरधोपट लिहिलंय ते आज वाचवत नाही. जमालुद्दीन अफगाणीने १८८३ साली त्याला छापील उत्तर दिलं होतं, तेही बरंच झालं. स्वतःच्या बायबलला लावलेली बारीक चाळणी त्याने दुसऱ्यांच्या वंशाला लावली नाही.)

आंरिएत १८५० साली पोलंडहून परतली आणि भावंडं एकत्र राहू लागली. ती त्याची लेखनिक, पहिली वाचक, टीकाकार. त्याच्या लिहिण्यातली टवाळी ती काढून टाकायची. १८५६ साली त्याने कॉर्नेली शेफर या चित्रकारांच्या घरातल्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा या बहिणीचं सगळं उन्मळून पडलं. तिचं दुःख पाहून त्याने लग्न मोडलं. मग तीच उठून कॉर्नेलीकडे गेली आणि लग्न पुन्हा जुळवून आली. हे त्याने तिच्यावरच्या छोट्या पुस्तकात लिहिलंय. त्याच्या फक्त शंभर प्रती काढल्या होत्या, ओळखीच्यांसाठी.

१८६० साली नेपोलियन तिसऱ्याने त्याला पुरातत्त्वाच्या कामावर लेबनॉनला पाठवलं. आंरिएत बरोबर गेली. डोंगरातल्या एका गावी, हाताशी मोजकी चार-सहा पुस्तकं घेऊन त्याने येशूचं चरित्र लिहायला घेतलं, आणि ती पानं ती स्वच्छ अक्षरात उतरवून काढत असे. सप्टेंबर १८६१ मध्ये बिब्लोसजवळच्या आमशीत गावात दोघांनाही हिवतापाने गाठलं. दोघंही बेशुद्ध. तो शुद्धीवर आला तेव्हा ती गेली होती. तारीख २४ सप्टेंबर. तिला तिथेच एका मॅरोनाइट कुटुंबाच्या दफनघरात ठेवलं. मॅरोनाइट म्हणजे रोमच्या पोपला मानणारे लेबनॉनचे ख्रिस्ती. जोगीण व्हायची राहिलेली, मग श्रद्धा गेलेली ही बाई अखेर कॅथलिकांच्या अंगणात विसावली. ‘येशूचं चरित्र’ तिच्या आत्म्याला अर्पण केलेलं आहे.

ते पुस्तक जून १८६३ मध्ये आलं. त्याआधी फेब्रुवारी १८६२ मध्ये कॉलेज द फ्रान्समधल्या पहिल्याच व्याख्यानात त्याने येशूला अतुलनीय माणूस म्हटलं होतं. पण माणूस! लगेच व्याख्यानं बंद पाडली गेली, १८६४ साली पद गेलं, ते १८७० साली परत मिळालं. पुस्तकाने युरोप ढवळून निघाला. रोमने त्याला बंदीच्या यादीत टाकलं. रॉथशील्डने त्याला यासाठी दहा लाख मोजले अशा कंड्या पिकल्या. सगळ्या गदारोळात पुस्तक उघडून पाहणाऱ्याला आश्चर्य वाटतं ते त्यातल्या भक्तीचं. देवपण काढून घेतल्यावरही हा माणूस येशूवरचं प्रेम काढून घेऊ शकलेला नाही. श्रद्धावंतांना ते निंदेहून जास्त झोंबलं असावं, आणि कट्टर नास्तिकांनाही ते पुळचट वाटलं. मला विचाराल तर ते चरित्र म्हणून थोडं गोडगोडच आहे. पण लिहिणारा कुठून आलाय हे माहीत असलं की गोडवा खपून जातो.

आणि आई? आई पुढे पॅरिसला मुलाच्या घरी राहायला आली आणि १८६८ साली वारली. म्हणजे ‘येशूचं चरित्र’ आलं, देशभरचे पाद्री प्रवचनांतून त्याच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा ती होती. मुलाची नोकरी गेली तेव्हाही होती. ती त्याला जुन्या त्रेगिएच्या गोष्टी सांगायची, सरदारांच्या, वेड्यांच्या, पाद्र्यावर जीव जडलेल्या एका मुलीची. त्याच गोष्टी रेनाँच्या आठवणींच्या पुस्तकातली सगळ्यांत सुंदर पानं झाल्या. तिने मुलाला पाद्री झालेलं पाहिलं नाही, पण मुलगा चांगला राहिला, आपल्याला सांभाळतोय, एवढं तिला दिसत होतं. १८४५ च्या त्या उन्हाळ्यात दोघांना ज्याची एवढी धास्ती होती, ते तुटणं शेवटी झालंच नाही. वेळ लागला इतकंच.

त्या आठवणींच्या शेवटी रेनाँने एक विनंती करून ठेवलीय. शेवटच्या दुखण्यात माझा मेंदू थकेल, आणि तेव्हा मी आजच्या विचारांविरुद्ध काही बोललो, कशावर सही केली, तर तो मी नव्हे असं समजा. धडधाकट डोक्याने बोलतोय तो मी खरा. लहानपणी ऐकलेली तालेराँच्या बिछान्याची गोष्ट त्याच्या मनातून गेली नसावी. तो २ ऑक्टोबर १८९२ ला गेला, तशी वेळ न येता. सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला.

त्रेगिएने त्याच्याशी समेट केला की नाही, यावर गावातच दोन मतं. १९०३ साली कॅथेड्रलला लागून असलेल्या चौकात त्याचा पुतळा बसवला. थकलेला, स्थूल म्हातारा बसलाय आणि मागे अथेना देवी उभी. अनावरणाला पंतप्रधान एमिल कोंब जातीने आले. हे कोंबही कधीकाळचे सेमिनरीतले विद्यार्थी, श्रद्धा गमावून बाहेर पडलेले. फरक एवढाच की यांनी बाहेर पडून चर्चशी उभा दावा मांडला. बंदोबस्ताला सैन्य, एका बाजूला जयघोष, दुसऱ्या बाजूला शिट्ट्या. पुढच्याच वर्षी कॅथलिकांनी वर्गणी काढून गावात प्रायश्चित्त म्हणून दगडी क्रूस उभारला. रेनाँला हा पुतळा तरी आवडला असता का, मला शंका आहे. ज्यांनी वाढवलं त्यांच्याविरुद्ध काठीसारखं वापरलं जाणं त्याने जन्मभर टाळलं होतं.

घराण्याची गोष्ट इथे संपत नाही. रेनाँची मुलगी नोएमी. तिचा मुलगा एर्नेस्त प्सिकारी, आजोबांचंच नाव लावलेला, १८८३ चा जन्म. कुठल्याही धर्मसक्तीशिवाय, विद्वानांच्या घरात वाढलेला. तो सैन्यात गेला, आफ्रिकेत मॉरिटानियाच्या वाळवंटात राहिला, आणि १९१३ च्या फेब्रुवारीत, तत्त्वज्ञ झाक मारितँ या मित्राच्या सोबतीने, कॅथलिक झाला. धर्मगुरू व्हायचा विचार करत होता. आजोबा ज्या पायऱ्या उतरले त्या चढायच्या तयारीत. २२ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधल्या रोसिन्योल गावी तो लढताना मारला गेला. वय तीस. त्याची आई तेव्हा हयात होती.